शिखराची डावी उतरण

माझ्यापुढे एक आलेख आहे. आडव्या रेषेवर ऊर्जा, उभ्या रेषेवर मोजणी. अगदी डावीकडे खरखरीचा ढीग, मग थोडं सपाट रान, त्यात दोन बुटके उंचवटे, मग हळूहळू चढत गेलेली उतरण आणि साठच्या आकड्याला टेकलेलं शिखर. शिखर ओलांडलं की जमीन संपते. रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. सह्याद्रीचा छेद आरशात धरला तर असाच दिसेल: देशाच्या बाजूनं लांबलचक चढ आणि कोकणाच्या बाजूला एकदम दरी.

हा अमेरिशियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा वर्णपट आहे. तो टिपला आहे कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या स्फटिकावरच्या एका पिक्सेलनं. पिक्सेल अडीच मिलिमीटरही रुंद नाही, मालदांडी ज्वारीच्या दाण्याहून लहान. असे 16,384 पिक्सेल एकाशेजारी एक मांडून केलेला पट 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर बसून गेला आणि 650 किलोमीटर उंचीवर फिरू लागला. या उपकरणाचं नाव सीझेडटीआय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ए. आर. राव यांच्या देखरेखीखाली त्याची घडण झाली. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत त्याची माहिती रोज तपासली जाते. अहमदाबाद, तिरुवनंतपुरम आणि बंगळूरु इथल्या संस्थांचेही हात त्याला लागलेले आहेत.

मी सोलापुरात आयुष्यभर भौतिकी शिकवली. असला डिटेक्टर मी हातात धरलेला नाही. मी त्याचा वाचक आहे. छापून आलेले आलेख वाचतो, पुन्हा वाचतो. आणि वाचतो ते काकांनी शिकवल्यासारखं. काका शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरी तपासायचे. गिऱ्हाईक चादरीवरचा मोर बघतं, काका चादर उलटी करायचे. सोलापुरी चादरीला खरं तर उलटी बाजू नसते. जे फूल वर लाल ते खाली पांढरं, इतकाच फरक. तरी काका आधी पाठ बघत. तुटलेला धागा, सैल बाणा, गाठ मारून पुढे रेटलेली चूक, सगळं पाठीवर आधी दिसतं म्हणायचे.

या आलेखाची पाठ म्हणजे शिखराची डावी उतरण.

ती वाचण्याआधी हा डिटेक्टर कशासाठी लागतो ते सांगायला हवं. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तो क्ष-किरण साधारण ज्या ताकदीचा असतो, त्या ताकदीचे किरण अवकाशातून येतात. काळ्या विवरात कोसळणाऱ्या वायूतून येतात, न्यूट्रॉन ताऱ्यांकडून येतात. भौतिकीवाले त्यांना हार्ड एक्स-रे म्हणतात. आपल्या डोक्यावरची हवा त्यांना जमिनीपर्यंत पोचू देत नाही, हे आपलं नशीब आणि खगोलवाल्यांची अडचण. म्हणून टाटा संस्थेच्या लोकांनी 1968 साली हैदराबादहून फुगे सोडून हे किरण टिपायला सुरुवात केली. हवेचा बहुतेक थर खाली राहील इतक्या उंचीवर फुगा न्यायचा, काही तास बघायचं आणि उपकरण पॅराशूटनं खाली आणायचं. तेव्हा डोळा सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा असे.

या फुग्यांशी सोलापूरचं एक नातं आहे, ते इथल्या फार थोड्यांना माहीत असेल. हैदराबादच्या फुगा केंद्राच्या उड्डाणांआधी सरकारी निवेदन निघतं. त्यात लिहिलेलं असतं की उपकरणं विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर कुठंही उतरू शकतात. फुगा पन्नास ते पंचाऐंशी मीटर व्यासाचा, पातळ प्लॅस्टिकचा. तो तीस ते बेचाळीस किलोमीटरपर्यंत चढतो. शेतात पेटी सापडली तर उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवा. काही पेट्यांत जास्त दाबाची वीज असते, हीही सूचना असते. आमच्या जिल्ह्याचं नाव एरवी दुष्काळाच्या यादीत असतं, नाहीतर पंढरीच्या वाटेवर. आकाशातून पेट्या उतरण्याच्या रेषेचं टोक म्हणून ते छापून येतं तेव्हा मला उगाच बरं वाटतं.

आणि ती जास्त दाबाची वीज कशाला, हे कळलं की उतरण वाचायला सोपी जाते.

सिलिकॉन हा अर्धवाहकांचा राजा, पण या किरणांपुढे तो काचेसारखा. त्याच्या अणूत चौदाच इलेक्ट्रॉन. तीव्र किरण त्यातून निघून जातो. कॅडमियमच्या अणूत अठ्ठेचाळीस, टेल्युरियमच्या अणूत बावन्न. ते किरणाला अडवतात. जर्मेनियमही चांगलं अडवतं, पण त्याला द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवावं लागतं. कॅडमियम झिंक टेल्युराइड खोलीच्या तापमानाला काम करतं. अवकाशात जाणाऱ्या उपकरणासाठी हा गुण सोन्याहून मोलाचा.

किरण स्फटिकात थांबला की त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा, अशा जोड्या फोडण्यात खर्च होते. एका जोडीला साधारण 4.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट. अमेरिशियमच्या किरणाचा एक कण, म्हणजे फोटॉन, 59.54 केईव्हीचा (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट); त्यातून तेरा हजारांच्या आसपास जोड्या. स्फटिकाच्या दोन तोंडांमध्ये काहीशे व्होल्ट लावलेले असतात. इलेक्ट्रॉन पिक्सेलकडे पळतात, होल उलट्या तोंडाकडे. सगळे पोचले तर हिशेब पूर्ण: एकोणसाठ पूर्णांक चोपन्न.

पण होल पोचत नाहीत. या स्फटिकात ते फार मंद चालतात आणि वाटेतल्या दोषांत अडकून पडतात. जत्रेला निघालेल्या दोन भावांपैकी एक वेळेवर पोचतो, दुसरा प्रत्येक पारावर बसतो. जो बसला त्याचा वाटा हिशेबात येत नाही, आणि फोटॉन होता त्याहून गरीब दिसतो. म्हणून शिखराच्या डावीकडे मोजणी सांडते. उजवीकडे सांडत नाही, कारण होतं त्यापेक्षा जास्त कुणी आणू शकत नाही. तिथं फक्त विद्युत खरखरीची जरा झिळमिळ. कडा का आणि चढ का, याचं उत्तर एवढं आहे.

आता खरी गंमत. किरण वरच्या, म्हणजे पिक्सेलांच्या उलट्या, तोंडाजवळच थांबला तर होलांना चालायचं अंतर नगण्य. सगळा प्रवास इलेक्ट्रॉनांचा, आणि ते भरवशाचे. असा फोटॉन शिखरात जाऊन बसतो. किरण खोल गेला तर होलांची वाट लांबते आणि फोटॉन उतरणीवर घसरतो. म्हणजे उतरणीवरचं प्रत्येक ठिकाण स्फटिकातल्या एका खोलीचं आहे. पाच मिलिमीटर जाडीचा स्फटिक न कापता, न खरवडता, कागदावर आडवा अंथरलेला आहे. साठ केईव्हीचे बहुतेक फोटॉन पहिल्या अर्ध्या मिलिमीटरातच संपतात, म्हणून अमेरिशियमचं शिखर ताठ आणि उतरण हलकी. कोबाल्ट-57चा 122 केईव्हीचा फोटॉन बराच आत शिरतो. त्याची उतरण भरदार. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून वाचले की पिक्सेलखालच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन किती टिकतात आणि होल किती, हे वेगळं काढता येतं. सीझेडटीआयच्या चमूनं हे एकेका पिक्सेलसाठी केलं. सरासरीवर भागवलं नाही. एकाच मळ्यातली ज्वारी असली तरी दाणा दाण्यासारखा नसतो, तसा एकाच स्फटिकातला पिक्सेल पिक्सेलसारखा नसतो.

दोन बुटक्या उंचवट्यांकडे बहुतेक वाचक ढुंकून पाहत नाहीत. ते 36 आणि 32 केईव्हीच्या आसपास आहेत. अमेरिशियममधून त्या ऊर्जेचं जवळजवळ काहीच येत नाही. मग हे कोण? फोटॉननं कॅडमियमच्या अणूला धक्का दिला, अणूनं स्वतःचा 23 केईव्हीचा क्ष-किरण सोडला आणि तो किरण पिक्सेलबाहेर पळाला, तर पाठीमागे उरतात छत्तीस. टेल्युरियमचा किरण साडेसत्तावीसचा. तो पळाला तर बत्तीस. म्हणजे हे उंचवटे वजाबाकीचे आहेत. काय नाहीसं झालं ते सांगणारे. शाळेत मुलांना मी हे सांगायचो तेव्हा एखादा हमखास विचारायचा, पळालेला गेला कुठं? उत्तम प्रश्न. पुष्कळदा तो शेजारच्या पिक्सेलमध्ये गेलेला असतो, आणि त्याच क्षणी शेजाऱ्याच्या वहीत 23 किंवा 27ची एक नोंद पडते. न बोलावलेल्या पाहुण्याची. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका पिक्सेलपासून सगळ्या पटाकडे गेलं की वाचन बदलतं. सीझेडटीआयत 64 मॉड्यूल आहेत, चार चौकांत सोळा-सोळा. प्रत्येक मॉड्यूल 39.06 मिलिमीटरचं, त्यावर सोळा गुणिले सोळा पिक्सेल. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ 976 चौरस सेंटिमीटर, एका बेताच्या हातरुमालाएवढं. अमेरिशियमचा समान प्रकाश सगळीकडे पडू द्यायचा आणि प्रत्येक पिक्सेलनं किती मोजलं ते रंगात दाखवायचं, असं चित्र काढतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं. कापडच की. इथं एक घर काळं, म्हणजे मेलेला पिक्सेल, तुटलेला धागा. तिथं एक घर भडक पांढरं, म्हणजे किरण नसतानाही बोलत राहणारा पिक्सेल. आणि दर सोळा घरांनंतर एक फिकी रेघ, आडवी आणि उभी, नियमानं.

ती रेघ मला बराच वेळ दोष वाटली. दोष नाही. मॉड्यूलच्या काठावरचे पिक्सेल मुद्दामच अरुंद आहेत: मधले चौदा 2.46 मिलिमीटरचे, दोन्ही टोकांचे 2.31चे. गुणाकार करून पाहा, बेरीज बरोबर 39.06 येते. काठाचं घर सहा टक्के लहान, म्हणून मोजणीही तेवढी कमी. कापडाला काठ असतो तसा हा काठ. चित्रात ही रेघ दिसत नसती तर काळजी करावी लागली असती.

परीक्षा ही अशी चालते. तीन मूलद्रव्यं: अमेरिशियम, कोबाल्ट-57, कॅडमियम-109. वेगवेगळी तापमानं. सोळा हजार पिक्सेल. प्रत्येकाची शिखरं कुठं पडतात ते बघून त्याची स्वतःची पट्टी आखायची, कारण एकाचा शंभरावा कप्पा दुसऱ्याचा एकशेदहावा असतो. प्रत्येकाचा खरखरीचा उंबरठा ठरवायचा. जो फार बोलतो त्याला गप्प बसवायचं. रटाळ काम आहे, यात शंका नाही. अशा कामाची वर्णनं शोधनिबंधात दोन परिच्छेदांत उरकतात आणि शोध मात्र दहा पानं खातो. काकांनाही पगार विणकरापेक्षा कमी होता.

असलंच काम अमेरिकेत एका मराठी मुलानं केलं. वरुण भालेराव यांचा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतला 2012चा प्रबंध अर्धा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या वस्तुमानांवर आहे आणि अर्धा न्यूस्टार दुर्बिणीसाठी याच जातीच्या स्फटिकांच्या पारखीवर. त्यांच्या मार्गदर्शकांपैकी एक श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कुरुंदवाडचा. न्यूस्टार जून 2012मध्ये उडाली. तिचा डिटेक्टर दोन सेंटिमीटरचा, दोन मिलिमीटर जाड, त्यावर बत्तीस गुणिले बत्तीस पिक्सेल, प्रत्येक जेमतेम 0.6 मिलिमीटर. साठ केईव्हीपाशी त्याचं शिखर एका केईव्हीपेक्षाही अरुंद. सीझेडटीआयचं शिखर त्यापुढे जाडंभरडं दिसतं, हे कबूल करायला हवं. पण तुलना पैठणीच्या पदराची आणि चादरीची आहे. न्यूस्टारकडे आरसे आहेत. ते लांबून किरण गोळा करून नाण्याएवढ्या जागेत आणतात. तिला बारीक वीण लागते, मोठा पन्हा लागत नाही. शिवाय घर जितकं लहान तितका एकाचा इलेक्ट्रॉन-ढग दोन-तीन शेजाऱ्यांत वाटला जातो आणि त्याची गोळाबेरीज करत बसावं लागतं. सीझेडटीआयला आरसा नाही. त्याला पन्हाच हवा. भालेराव पुढे भारतात परतून सीझेडटीआयच्या कामात आले आणि मग मुंबईच्या आयआयटीत गेले.

आरसा नाही, तर चित्र कसं काढायचं? याचं उत्तर सोलापूरकराला एका वाक्यात सांगता येतं: पुठ्ठ्यानं. जकार्ड मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे असतात. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही, आणि भोकांच्या त्या भाषेतून मोर उतरतो. सीझेडटीआयच्या डोक्यावर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा टँटलम धातूचा पत्रा आहे, त्यात चौकोनी भोकं. पत्रा डिटेक्टरपासून जवळपास अर्धा मीटर वर. ताऱ्याकडून आलेले किरण भोकांतून खाली येतात आणि पटावर छाया-प्रकाशाची नक्षी पडते. तारा जरा सरकला की सगळी नक्षी सरकते. भोकांची मांडणी गणितानं अशी केलेली आहे की कोणत्याही दोन सरकवण्यांची नक्षी एकमेकीशी जुळत नाही. 255 घरांच्या अशा सोळा मांडण्या निघतात. त्यातल्या सात घेतल्या. का सातच? उरलेल्यांत पत्र्याचे तुकडे आधाराशिवाय लोंबकळले असते. गणित सोळा देतं आणि लोहार सात घेतो. मला हे फार आवडतं. पुठ्ठा कापणारालाही हेच कळत असतं, की फार भोकं पाडली तर पुठ्ठा फाटतो.

इथंच परीक्षेचं महत्त्वही कळतं. छायेची नक्षी उलगडताना कोणतं घर खरंच अंधारात आहे आणि कोणतं मुळात मुकं आहे, हे माहीत नसेल तर आकाशात नसलेला तारा उगवतो.

या उपकरणातला माझा सर्वांत लाडका भाग मात्र पत्रा नाही, पटही नाही. तो आहे अमेरिशियमचा छोटा ठिपका, जो चारही चौकांबरोबर वर गेला आहे. अवकाशात परीक्षा थांबत नाही. तापमान हलतं, स्फटिक म्हातारे होतात, पट्टी पुन्हा आखावी लागते. पण ओळखीचा प्रकाश कायम लावून ठेवला तर तो ताऱ्यांच्या प्रकाशात मिसळणार. यावर युक्ती अशी. अमेरिशियमचा अणू फुटताना साठ केईव्हीचा फोटॉन सोडतो, त्याआधी एक अल्फा कणही सोडतो. अल्फा कण दूर जाऊ शकत नाही, म्हणून ठिपक्याला सीझियम आयोडाइडच्या स्फटिकात बसवलं आहे. अल्फा कणानं स्फटिक चमकला की नोंद होते: आत्ता आलेला फोटॉन घरचा. चमक नसेल तर बाहेरचा. देवळात पादत्राणांना बिल्ला देतात तसा प्रत्येक फोटॉनाला बिल्ला. अमेरिशियमचं अर्धायुष्य 432 वर्षांचं. उपग्रह संपेल, ठिपका संपणार नाही.

सगळं गोडच नाही. पटावर वैश्विक किरणाचा जोरकस कण आपटला की काही मायक्रोसेकंदांत एकदम बऱ्याच पिक्सेलांत नोंदी पडतात. या झुंबडी उपग्रह वर गेल्यावर हिशेबात घ्याव्या लागल्या आणि त्या वेचून टाकणारा स्वतंत्र टप्पा प्रक्रियेत घालावा लागला. शंभर केईव्हीच्या वर टँटलमचा पत्राही हळूहळू पारदर्शक होऊ लागतो, पुठ्ठ्याची भोकं आणि पुठ्ठा यांतला फरक पुसट होतो. चित्र काढणारं यंत्र म्हणून त्याची हद्द तिथं येते.

आणि नेमकं तिथंच, हद्दीच्या पलीकडे, ते यंत्र काहीतरी दुसरंच होतं.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली नोंद आता काढू. एकाच क्षणी दोन शेजारी पिक्सेल बोलतात. परीक्षकाच्या लेखी हा उपद्रव. पळालेला किरण, वाटला गेलेला ढग, खरखर. एकट्यानं बोलणाऱ्या पिक्सेलांवर पट्ट्या आखायच्या, जोडीनं बोलणाऱ्यांना बाजूला ठेवायचं. पण शंभर केईव्हीच्या वरचा फोटॉन कधीकधी एका पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा देतो आणि वळून शेजारच्या पिक्सेलमध्ये जाऊन संपतो. तो कोणत्या बाजूला वळतो हे सर्वस्वी नशीब नाही. प्रकाशलहर ज्या दिशेनं थरथरते तिच्याशी काटकोन करून वळणं त्याला अधिक पसंत. येणारे सगळे फोटॉन एकाच दिशेनं थरथरत असतील, तर जोड्या एका बाजूला जास्त पडतात. फोटॉनांच्या या एकाच दिशेच्या थरथरीला ध्रुवीकरण म्हणतात. राजकारणानं हा शब्द नासवला, भौतिकीत तो अजून स्वच्छ आहे.

सीझेडटीआय प्रत्येक फोटॉनाची वेळ वीस मायक्रोसेकंदांच्या अचूकतेनं लिहितो, आणि फोटॉन फोटॉननं लिहितो. बेरीज करून पाठवत नाही. म्हणून जोड्या हरवल्या नाहीत. चाळीस मायक्रोसेकंदांच्या आत पडलेल्या शेजारच्या दोन नोंदी उचलायच्या, त्यातून कॅडमियम-टेल्युरियमची पळापळ ऊर्जेच्या प्रमाणावरून चाळून काढायची, उरेल ते वाचायचं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटानं हे उड्डाणाआधीच करून पाहिलं. किरणोत्सारी मूलद्रव्याचे किरण काटकोनाच्या आसपास विखुरले की ते अंशतः ध्रुवित होतात. असे घरगुती ध्रुवित किरण डिटेक्टरवर पाडले आणि जोड्या खरंच एका दिशेला झुकतात का ते मोजलं. झुकल्या. ही सगळ्या परीक्षांतली सर्वांत देखणी परीक्षा, असं माझं मत. बाकीच्या परीक्षांत डिटेक्टरला विचारलं होतं, तुझ्यात काय चुकतं. इथं विचारलं, तुझं जे चुकतं त्यातून काय दिसतं.

वर गेल्यावर 6 ऑक्टोबर 2015 रोजी उपकरण सुरू झालं आणि त्याच दिवशी एक गॅमा किरण स्फोट त्यात सापडला. मुहूर्त चांगला. पण वाचनीय आहे ते नंतरचं, वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघाचं. 1054 साली चिनी निरीक्षकांनी जो तारा फुटताना पाहिला त्याची ही राखरांगोळी. मध्यभागी सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा. सीझेडटीआयनं त्याच्याकडे सुमारे आठ लाख सेकंद पाहिलं. निष्कर्ष नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमीत 2017च्या अखेरीस छापून आला: 100 ते 380 केईव्हीच्या पट्ट्यात ध्रुवीकरण 32.7 टक्के, 5.8 टक्के इकडेतिकडे. एका गिरकीचे तुकडे करून पाहिलं तर, जिथं तारा तळपतो त्या दोन शिखरांपेक्षा, जिथं तो जवळजवळ गप्प असतो त्या भागात ध्रुवीकरणाचा कोन झपाट्यानं फिरतो. प्रचलित सिद्धांतांना हे अपेक्षित नव्हतं आणि त्यावर शेवटचा शब्द पडलेला नाही. मी मात्र पुन्हा शिखराच्या बाजूची उतरण बघत बसलो.

ध्रुवीकरणावरच्या निबंधांतल्या एका आकृतीची छापील प्रत मी एकदा आमच्या गल्लीतल्या मामांना दाखवली. मामांचा जन्म चादरीच्या नक्षीत गेला. चौकटीच्या कागदावर घरं भरायची आणि त्यावरून पुठ्ठे पाडायचे. आकृती साधी होती. मधल्या पिक्सेलभोवती आठ शेजारी, आठ दिशांना किती जोड्या पडल्या त्याचे आठ खांब. मामांनी खांबांवरून बोट फिरवलं.

"चार उंच, चार बुटके. बुटके कोपऱ्यातले का, मास्तर?"

मी हो म्हटलं.

"मग ते होणारच. बाजूचं घर भिंतीला भिंत लावून असतं. कोपऱ्याचं नुसतं टोकाला टोक. त्याच्याकडं जाणार किती?"

हेच त्या चमूनं आधी मोजून ठेवलेलं होतं. ध्रुवीकरण नसलेल्या किरणांतही खांब सारखे येत नाहीत, ते चौकोनी घरांमुळे. तेवढं आधी भागून काढायचं, मग उरतं ते ताऱ्याचं. मी मामांना तसं सांगितलं आणि भागून काढल्यानंतरची दुसरी आकृती पुढे केली. तिच्यात आठही खांब जवळजवळ सारखे, त्यांवरून एक मंद लाट गेलेली.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद खिडकीच्या उजेडाकडे नेला, आणि उलटा करून पाठ बघितली. पाठ कोरी होती.